धाकलीचा रस्ता

माझ्या धाकट्या जावेचा मी जेवढा हेवा केला, तेवढा कुणी सवतीचासुद्धा केला नसेल. आता ती नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट कुठं बोलतेय? खरं तेच सांगतेय. रूप म्हणाल तर दोघींचं यथातथाच. दागिना म्हणाल तर तिच्या गळ्यात काळी पोत, आणि माझ्या गळ्यात, त्या दिवसांत तरी, चांगली ठसठशीत पुतळ्यांची माळ. मला लेकरं होती, तिची कूस उजवली नव्हती. म्हणजे हेवा करायचाच तर तिनं माझा करायचा. पण तिच्याकडं रस्ता होता. आमच्या मळ्यातून निघून नगरच्या वेशीतून आत जाणारा रस्ता रोज सकाळी तिचा असायचा, माझा नसायचा. एवढ्यावर मी जन्मभर जळले.

माझी बोली आता नातवंडांनी घासूनपुसून शहरी केलीय. बोलता बोलता मूळची निघाली तर निघू द्या.

आमचा मळा वेशीबाहेर, भिंगारकडं जाणाऱ्या सडकेला लागून. नगराला आम्ही नुसतं गाव म्हणायचो. बांधावर उभं राहिलं की एका अंगाला किल्ल्याचा तट दिसायचा आणि पलीकडं गावातली धाब्याची घरं. इतकं जवळ, की गावात वाजंत्री वाजली तर लग्न कुठल्या आळीत असेल याच्या पैजा आम्ही मळ्यात बसून लावायचो. पण जवळ म्हणजे आत नव्हे. वेशीच्या आतली माणसं आम्हाला 'मळ्यातल्या' म्हणायची, आणि म्हणताना नाक किंचित वर जायचं.

लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, डोक्यावर पाटी घेऊन पुढं आणि मी मागं, अशा आम्ही भाजी घेऊन गावात जायचो. पाटी म्हणजे डोक्यावर वाहायची बांबूची टोपली, हे आता सांगावं लागतं. पुढं धाकली आली आणि तिघी झालो. आत्याबाईंनी आम्हाला पहिल्या दिवशीच धडा दिला होता. डोईवर पाटी आहे तोवर बाई कामाला निघालीय. पाटी उतरली की ती फिरायला निघाली. आणि फिरायला निघालेल्या बाईचं काय होतं, ते त्या सांगायच्या नाहीत, नुसत्या मान हलवायच्या.

पण धडा खरा होता बरं का. पाटीच्या खाली आम्ही कुठंही जायचो. वेशीतला शिपाई अडवायचा नाही, ओट्यावरची रिकामटेकडी माणसं मान वर करायची नाहीत. बाई कुठं, पाटीच चाललीय. भाजी संपली तरी रिकामी पाटी डोक्यावरच ठेवायची, काखेत मारली की आत्याबाईंचे डोळे मोठे व्हायचे. धाकली लबाड. आत्याबाई सोबत नसल्या की वेस ओलांडल्याबरोबर पाटी काखेत, आणि मळ्याचं वळण आलं की परत डोक्यावर. मला नाही असलं जमलं कधी. मी भित्री, आणि भित्र्या माणसाला धीट माणूस बघवत नाही.

गावात काही कुणी आमच्यासाठी पाट मांडून ठेवले नव्हते. कापडबाजारात एखाद्या दुकानाच्या पायरीवर टेकलो, तर आतला माणूस पायरी धुवायच्या निमित्तानं तांब्या घेऊन यायचा आणि आम्हाला उठवायचा. नोकरदारांच्या बायका उंबऱ्याच्या आत उभ्या राहून भाव करायच्या, मेथीची जुडी दोन बोटांनी उचलायच्या आणि नको म्हणून परत टाकायच्या. त्या बायका स्वतः कुठं जात असतील, बाजार कधी बघत असतील, हा विचार मला तेव्हा शिवला नाही. मला त्यांचा हेवाच वाटायचा. सावलीत उभं राहून उन्हातल्या बाईला 'कोथिंबीर जून आहे हो' म्हणायला मिळतं, याच्यासारखं सुख नाही, असं वाटायचं. हेवा माझ्या रक्तातच आहे, त्याला काय करता.

मग लढाई सुरू झाली. लढाई कुठं लांब विलायतेत, पण आमच्या छावणीत शिपाई मावेनात आणि लॉऱ्यांनी सडकेची धूळ बसेना. एवढ्या तोंडांना भाजी लागणार, हे आमच्या ह्यांच्या डोक्यात बरोबर शिरलं. खानसाम्याला धरून, साहेबाच्या कारकुनाला धरून, ह्यांनी मेसला भाजी पुरवायचा ठेका मिळवला. दोघा भावांची वाटणी त्याच्या आधीच झाली होती, मध्ये घायपाताचं कुंपण आलं होतं, चुली वेगळ्या झाल्या होत्या. ठेका एकट्या ह्यांचा. दीर बिचारा गरीब गाय, आपल्या वाट्याच्या वाफ्यात राबत राहिला.

ठेका पक्का झाला त्या दिवशी ह्यांनी देव्हाऱ्यापुढं बेलभंडारा उचलला. खंडोबाचा भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द म्हणजे आमच्यात काळ्या दगडावरची रेघ. 'आजपासनं माझ्या घरातली बाई पाटी धरनार न्हाई,' असं ते मोठ्यानं, शेजारी ऐकतील असं बोलले.

आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांचा मुलगा ठेकेदार झाला होता. आणि माझ्या अंगावर तर मूठभर मांस चढलं. कुंपणापलीकडं धाकली मेथीला पाणी मारत होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिला दिसावं म्हणूनच मी माझी पाटी उचलली आणि गोठ्यात भिरकावली, शेण भरायला. धाकलीच्या तोंडाचा रंग उडाला. त्या दिवशी मी रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.

थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी धाकली डोक्यावर पाटी घेऊन फाटकातून बाहेर पडली आणि सडकेला लागली, आणि मी अंगणात उभी राहून बघत राहिले. पाटी माझ्या डोक्यावरून उतरली तेव्हा तिच्याबरोबर रस्ताही उतरला होता, हे माझ्या त्या दिवशी ध्यानात आलं. मी ह्यांना म्हटलं, गावात जाऊन येते, बांगड्या भरायच्यात. ते म्हणाले, कशाला, कासार घरी येईल. लुगडं घ्यायचंय म्हटलं, तर कापडवाला गठ्ठा घेऊन घरी. तेल घरी, मीठ घरी, सोनारसुद्धा घरी आला. सगळं घरी यायचं, मीच तेवढी कुठं जायची नाही. आणि तो 'कशाला' माझ्या कानात रुतून बसला. इतकी वर्षं उन्हातान्हात तो रस्ता तुडवला, कधी कुणी मला कशाला म्हणून विचारलं नव्हतं.

एकदा मात्र नेलं बाई त्यांनी. साहेबाच्या कारकुनाच्या घरी हळदीकुंकू होतं, ठेका टिकवायचा तर बायकोनं जायला हवं, म्हणून दमणीला, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीला, पडदा बांधून मला तिथं पोचवलं. मी नव्या लुगड्यात, पुतळ्यांची माळ घालून. कारकुनाची बायको माझ्याकडं निरखून बघत राहिली, आणि मग सगळ्यांसमोर गोड आवाजात म्हणाली, अगंबाई, तुम्ही त्याच ना, आमच्याकडं वांगी द्यायच्या? मला दाराजवळच्या सतरंजीवर बसवलं. बाकीच्या जाजमावर. परत येताना मी पडद्याच्या फटीतून सडक बघत होते, तर समोरून धाकली येत होती, पाटी काखेत, तोंडात काहीतरी चघळत, पाय धुळीनं पांढरे. दमणी तिच्या शेजारून गेली. तिला दिसलं नाही आत कोण आहे ते.

दुपारी ती परतली की कुंपणापाशी यायचीच. आत्याबाई तिची वाटच बघत असायच्या. ठेकेदाराची आई झाल्यापासून त्यांचाही बाजार सुटला होता, आणि बाजार सुटला की बातमी सुटते. धाकली बातम्यांचं दुकान मांडायची. किल्ल्यात कुणी मोठी पुढारी माणसं कोंडून ठेवलीत, आणि सडकेला पहारा बसलाय. रॉकेलला ही रांग लागलीय. जिलबीवाल्यानं दुसरी बायको केलीय, आणि पहिली त्याच्याच दुकानासमोर भजी तळायला बसलीय. आत्याबाई तोंडाला पदर लावून हसायच्या, खोकायच्या, आणखी विचारायच्या. मीही ऐकायची. ऐकायचं नाही असं ठरवून, चुलीपाशी बसून, कान तिकडं लावून ऐकायची. माझे तळपाय त्या वर्षात मऊ पडले होते. धाकलीच्या भेगाळलेल्या टाचा बघितल्या की मला स्वतःच्या पायांचा राग यायचा.

एकदा मी तिला बोललेच. म्हटलं, तुझं बरं आहे बाई, सकाळी उठून निघालीस की चालली राणी. ती पाटी उतरवून मान चोळत होती. माझ्याकडं न बघताच बोलली.

'आक्का, तुला रस्ता दिसतो. मला वझं दिसतं.'

'दे मग तुझं वझं,' मी म्हटलं. ती हसली. मी हसण्यावारी नव्हतं म्हटलं.

आता माझी पोरगी. ती धाकलीच्या अंगाखांद्यावर वाढली होती, काकी काकी करत कुंपणातल्या भगदाडातून दिवसातून दहादा पलीकडं जायची. धाकली ज्या आळीत भाजी घेऊन जायची तिथं मुलींची शाळा होती. खिडकीखालून जाताना आतून पाढे ऐकू यायचे. धाकलीला बे एके बे पासून पाढे चालीवर पाठ झाले होते, अर्थाशी काही देणंघेणं नाही, गाणं म्हणतात तसे. ते तिनं पोरीला शिकवले आणि पोरीनं शाळेचा ध्यास घेतला. मला पहिल्यांदा धाकलीचा रागच आला. पण मग चुलीपुढं बसून बसून एक गोष्ट मला कळली. माझ्या पोरीलाही उद्या कुणीतरी 'कशाला' म्हणून विचारणारच होतं. पाटीवाचून बाई रस्त्यावर दिसली आणि तिला विचारलं, तर देता येईल असं एकच उत्तर मला सुचत होतं, ते म्हणजे शाळा. ती पोरीला मिळायला हवी होती. मला नाही मिळालं तर नाही, पण तिला घरी येणाऱ्या कासाराची वाट बघायला लावायची नव्हती. त्या वेळेपासून मला दुसरं काही नको होतं.

धाकलीनं बाजारातून तिच्यासाठी लिहायची पाटी आणली. काळी, लाकडी चौकटीची, कोपऱ्याला पत्रा मारलेली. पोरगी ती छातीशी धरून नाचत नाचत घरात आली आणि आत्याबाईंनी ती तिच्या हातातून हिसकावून घेतली.

'भंडारा उचललाय तुज्या बापानं. ह्या घरातली बाई पाटी धरनार न्हाई.'

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. म्हातारीचं तोंड बघितलं आणि कळलं, थट्टा नाही. मी म्हटलं, आत्याबाई, ती पाटी निराळी, ही लिहायची. त्या म्हणाल्या, देवाला काय ठाऊक निराळी? शब्द एकच गेलाय देवापुढं. पाटी म्हणजे पाटी. माझ्या लेकाच्या ठेक्याला काही झालं तर तू भरून देणार का? आणि पाटी उचलून त्यांनी कुंपणापलीकडं नेऊन ठेवली, जिथली होती तिथं.

संध्याकाळी हे आले. मला वाटलं होतं, हे हसतील आणि आईची समजूत काढतील. हसले खरे, मिशीतल्या मिशीत. मग म्हणाले, आई म्हणतेय ते खोटं कसं म्हणू, शब्द तर गेलाय. म्हातारीची चूक भाबडी होती. ह्यांची भाबडी नव्हती. ठेकेदाराची पोर पायी वेशीतून जाताना दिसायला नको होती, आणि नाही म्हणायचा वाईटपणा खंडोबावर गेला तर बरंच. मी त्या दिवशी ह्यांच्या ताटात भाकरी अशी आदळली की कालवण सांडलं.

दुसऱ्या दिवशी धाकली कुंपणापाशी आली आणि हळूच बोलली, पोरीनं घरातून हात हलवत निघायचं, पाटी माझ्या पाटीत, मेथीच्या खाली. हे छावणीत गेले की निघायचं, ते यायच्या आत परत. आत्याबाई शेजारीच मिश्री लावत बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्यांनी बोट दातांवरून काढलं नाही. घरातली बाई पाटी धरत नव्हती ना, मग देव काय म्हणणार? वर दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी बाजारातली कडक मिश्री न सांगता यायला लागली, हे काही मी बोलायला नको.

आणि मीच धाकलीला म्हटलं, गावात कुणी विचारलं तर तुझीच पोर म्हणून सांग. ह्यांचं नाव निघायला नको. मी हे सहज म्हटलं. गरीब जावेला उरलेलं कालवण द्यावं, तसं. तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं, जे मी नुकतंच पुसून दिलं होतं.

खोटं पचायला अवघड गेलं नाही. आमच्याकडं घराघरात पोरं आईला काकी म्हणतात, वहिनी म्हणतात, चुलत भावंडं म्हणतील तेच तोंडात बसतं. पोरगी धाकलीला काकी म्हणत बाजारातून चालली तरी कुणाला काही वाटायचं नाही. आडनावही एकच. शाळेत दिराचं नाव बाप म्हणून लागलं आणि काम झालं.

पोरीला रस्ता मिळाला. मला काय मिळालं? सकाळी फाटकापाशी उभं राहून दोघींच्या पाठी बघणं. पुढं धाकली, डोक्यावर पाटी, मागं माझी पोर तिच्या पदराचं टोक धरून. वळण आलं की पोर तिच्या शेजारी जायची. पूर्वी त्या रस्त्यावर धाकली एकटी असायची, तेव्हा मी जळायची. आता तर माझंच लेकरू तिच्याबरोबर. दुपारी पोर परत आली की शाळेत काय झालं ते आधीच धाकलीला सांगून झालेलं असायचं, माझ्या वाट्याला थंड भाकरी. मी विचारलं, आज काय शिकवलं? तर म्हणायची, सांगितलं की काकीला, तिला विचार. गोडीशेवेची पुडी तिच्याकडून मिळायची. केस विंचरायला मी, वेणी मोडून पडली तर रस्त्यात घालून द्यायला ती. एकदा पोरीनं मला एक थट्टा सांगितली, जिलबीवाल्याच्या पहिल्या बायकोची, आणि मी हसले नाही, कारण मला ती बाई कशी दिसते तेच ठाऊक नव्हतं. त्या दोघी मात्र हसून हसून लोळल्या.

धाकलीचा काही गुन्हा होता का? नव्हता. म्हणून तर राग जास्त यायचा. गुन्हा असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

ह्यांना कळलंच शेवटी. मंडईतला कुणी दलाल सहज बोलला, तुमच्या भावाची पोर फार हुशार आहे हो, वेशीतून पाढे म्हणत जाते. भावाला पोर नाही, हे ह्यांना ठाऊक. घरी आले ते तसेच बसले, पाण्याला हात लावेनात. पोरीला जवळ बोलावलं नाही, मला बोलावलं.

'कुनाची पोर म्हनत्यात तितं तिला?'

'धाकलीची,' मी म्हटलं.

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि घटाघटा प्याले. मला अजून तो आवाज आठवतो, घशाखाली पाणी उतरल्याचा. सुटका झाल्यासारखे प्याले. म्हणाले, मग जाऊ दे, भावाचीच राहू दे. माझी म्हणून ज्या दिवशी कुणाच्या तोंडून ऐकीन त्या दिवशी शाळा बंद. आणि एक वर्ष जरी मागं पडली तरी बंद, मग स्थळ बघायचं. आई म्हणून माझी गोष्ट त्यात कुठंच आली नाही. बापाला आपल्या पोरीचा बाप नसणं इतकं सोयीचं वाटू शकतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पण शाळा चालू राहिली, म्हणून मी गिळलं.

असं करत पोर चौथीपर्यंत आली. चौथीची परीक्षा म्हणजे तेव्हा मोठी गोष्ट. पास झाली तर पुढं, नाहीतर ह्यांनी बोलल्याप्रमाणं खेळ खलास. संगमनेरकडचं एक स्थळ ह्यांच्या बोलण्यात यायलाही लागलं होतं. आणि नेमकी परीक्षेच्या सकाळी धाकली तापानं फणफणली. दीर काष्टीच्या बाजाराला बैल बघायला गेलेले, हे अंधारातच गाड्या घेऊन छावणीत. पोरगी एकटी निघाली असती, पण वेशीपर्यंतची सडक लॉऱ्यांची आणि शिपायांची, एकटीला कोण सोडेल. ती दारात उभी राहून रडायला लागली, 'काकी उठ, काकी उठ.' धाकलीला मान उचलवेना.

मी म्हटलं, मी नेते.

बोलून गेले, मग सुचलं. ठेकेदाराची बायको हात हलवत पायी वेशीत शिरली, तर सूर्य डोक्यावर यायच्या आत छावणीत बातमी पोचली असती, आणि बातमीबरोबर पोरीच्या बापाचं नावही. मी धाकलीच्या घरात गेले, तिच्या दांडीवरचं विटकं लुगडं ओढलं आणि नेसले. पुतळ्यांची माळ काढून चुलीमागं ठेवली. मग तिची पाटी उचलली, आणि मागं वळून बघते तर आत्याबाई दारात. माझ्या हातातल्या पाटीकडं बघतायत. मी म्हटलं, आता काय बोलायचं ते बोला, मी ऐकणार नाही. म्हातारी पुढं आली, खाली वाकून फडक्याची चुंबळ वळली, माझ्या डोक्यावर बसवली आणि पाटी तिच्यावर नीट सरळ केली.

'भंडारा पाटीचा हाय,' त्या म्हणाल्या. 'ह्ये टोपलं हाय. जा.'

धाकली आतून पडल्या पडल्या वाट सांगत होती. वेशीतून आत गेलं की कुठं वळायचं, कुठं नाल्याचं पाणी साचतं. पोरगी डोळे पुसत म्हणाली, मला ठावं हाय काकी. मी पोरीच्या हातावर दही घातलं. दही चाटून तिनं आधी जाऊन धाकलीच्या पायावर डोकं ठेवलं, मग आत्याबाईंच्या, मग माझ्या. मी म्हटलं, चल, उशीर होतोय.

किती वर्षांनी त्या सडकेवर पाय ठेवला! माझे मऊ तळपाय खड्यांवर पोळत होते, मान आखडली होती, रिकामं टोपलंसुद्धा जड वाटत होतं, आणि तरी मला गाणं गावंसं वाटत होतं. शिपायांची लॉरी गेली, धुळीत मी ठसकले, आणि कुणी माझ्याकडं बघितलं नाही. हे सुख धाकली रोज घेत होती. जळलं मेलं तिचं वझं. पोरगी पुढं चालत होती, ओठ हलवत, तोंडातल्या तोंडात काहीतरी पाठ म्हणत. वेशीतल्या शिपायानं तिला बघून मान डोलावली. तिनंही डोलावली. गावातल्या माणसानं गावातल्या माणसाला डोलवावी तशी.

वेशीच्या आत बोरं विकणारी एक म्हातारी बसलेली होती. माझ्या वेळची नव्हे, नवीन. तिनं लांबूनच पोरीला हाक मारली.

'आज आई कुटं गेली गं तुजी?'

पोरगी थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

'ताप आलाय तिला.'

'आन ही कोन?'

'शेजारची हाय,' पोरगी म्हणाली. 'सोबतीला आलीया.'

एवढीशी पोर, पण अडखळली नाही. बापाची अट तिला पाठ होती. आज घोटाळा करायचा नाही, आज परीक्षा आहे, हे तिच्या त्या ताठ मानेत मला दिसत होतं. माझ्या जिभेवर शब्द होते. मी जन्म दिलाय हिला, असं म्हणायचं होतं, टोपलं फेकून, सगळी वेस ऐकेल असं म्हणायचं होतं. आणि मी म्हटलं असतं तर शाळा तिथंच संपली असती.

म्हातारीनं मूठभर बोरं पोरीच्या ओच्यात घातली. माझ्याकडं मान वळवून, नवख्या बाईला सांगावं तसं सांगितलं.

'नीट ने गं बाई. आन सुटली की लगीच घरी पोचव. हिच्या आईचा लई जीव हाय हिच्यावर.'

'व्हय,' मी म्हटलं. 'ठावं हाय मला.'

पोरगी आळीत वळली. शाळा कुठं आहे ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी तिच्या मागनं चालू लागले.